आकाशदिव्याची दोरी

पहाटे चारच्या सुमारास बायका गात तळ्याकडे निघाल्या की खेत्रबासीचा दिवस सुरू व्हायचा. कार्तिक लागल्यापासून हे रोजचं. जाग मात्र त्याला त्याआधीच आलेली असायची. तो खाटेवर पालथा पडलेला असे आणि दोन्ही मुठींत खाटेचा काथ्या आवळून धरलेला असे. झोपेत तो नारळाच्या शेंड्यावर असायचा. हातात धरलेली झावळी देठापासून सुटायची आणि तिथंच तो जागा व्हायचा.

"उतरा आता झाडावरनं," कुंतळा म्हणायची. "उजाडायला आलं."

बायकोनं हे थट्टेत म्हटलं की तो हसायचा. मग बोटं एकेक करून सोडवायचा.

बाहेर गाणं जवळ यायचं. 'ऊठ रे दामोदरा, पाणी गार झालं, राधेनं दिवा झाकला पदराखाली.' पुढचा आवाज मल्ली भाउजचा असायचा, बाकीच्या मागून ओढत. तो आवाज दारावरून जाईपर्यंत खेत्रबासी श्वास धरून बसायचा. त्या आवाजाला त्यानं एक दोरी वळून दिली होती, आणि त्या दोरीची त्याला भीती वाटत होती.

मल्ली ही ध्रुव भाईची बायको. ध्रुव आणि खेत्रबासी जोडीनं नारळ पाडायचे, साखीगोपाळच्या आसपासच्या बागांत, नारळाचा व्यापार करणाऱ्या मकर साहूच्या हाताखाली. मिसरूड फुटायच्या आधीपासून. एकाच्या झाडावरून दुसऱ्याच्या झाडावर हाक मारत, शिव्या देत, शेंड्यावर बसून विडी ओढत. आषाढात पावसानं उघडीप दिली म्हणून दोघं शेजारशेजारच्या झाडांवर चढले. ध्रुव सासऱ्याच्या म्हशीची गोष्ट सांगत होता. सांगता सांगता त्यानं एका सुकल्या झावळीला हात घातला. खेत्रबासी घड तोडत होता, त्याचं लक्ष कोयत्याकडे होतं. गोष्ट मध्येच थांबली. त्यानं मान वळवली तर समोरचा शेंडा रिकामा होता. ध्रुव ओरडलासुद्धा नाही.

त्या दिवशी खेत्रबासी झाडावरून कसा उतरला ते कुणी विचारलं नाही. सगळे खाली पडलेल्या ध्रुवभोवती गोळा झाले होते.

तेव्हापासून तो एकाही उंच झाडावर चढला नव्हता. बागांत हल्ली बुटक्या जातीची झाडं झाली होती, त्यांच्यावर तो कसाबसा भागवायचा. उंच झाड आलं की गुडघा दुखायचा. कार्तिकात नारळाला मागणी वाढली, तसा मकर साहू वैतागला.

"काय रे, तुझा गुडघा बुटक्या झाडाखाली बरा असतो आणि उंच झाड दिसलं की दुखतो होय?"

"थंडीचं दुखतं, साहू."

"थंडी काय झाडाची उंची बघून पडते?"

बागेतली माणसं हसली. खेत्रबासीही हसला. पायाला घालायचा दोरीचा वेढा त्यानं खांद्यावर टाकला आणि पुढच्या बुटक्या झाडाकडे गेला. चढणाऱ्याला एकदा कुणी भित्रा म्हटलं की त्याला बागेत कुणी बोलावत नाही. दुसरं काम त्याला येत नव्हतं. म्हणून तो गुडघ्याला रोज तेल चोळायचा, चारचौघांत, ओसरीवर बसून.

कार्तिकाच्या आधी मल्ली त्याच्या दारात आली होती. डोक्यावर कुजवून झोडपलेल्या काथ्याचा भारा.

"यंदा हविषाचं व्रत धरणार आहे," ती म्हणाली. "महिनाभर. संध्याकाळी तुझ्या भाईच्या नावानं आकाशदिवा चढवायचा. दोरी तुझ्या हातची हवी, खेत्र. दुसऱ्याच्या हातची दोरी त्यानं कधी वापरली नाही."

"बाजारात नायलॉनची मिळते, भाउज."

"नायलॉनच्या दोरीवर तुझा भाई उतरायचा नाही. नाकं मुरडेल."

दोरी त्यानं चांगली वळली. तीन पदरी, पीळ सारखा, कुठे गाठ नाही. पण काथ्याची नवी दोरी वळून झाली म्हणजे झाली असं नसतं. ती भिजवायची, उंच झाडाच्या शेंड्याला बांधायची, खालच्या टोकाला पाटा लटकवायचा आणि काही दिवस तशीच ठेवायची. वजनानं पीळ बसतो, दोरी बारीक आणि कडक होते. तसं केलं नाही तर ती पोकळ राहते. दव पडलं की फुगते.

झाडाच्या शेंड्याला बांधायची म्हणजे चढायला हवं.

तो भिजलेली दोरी खांद्यावर घेऊन घरामागच्या झाडाखाली उभा राहिला. पायांत वेढा घातला. खोडाला दोन्ही तळवे लावले. खोड थरथरत होतं. वारा नव्हता. मग त्याच्या ध्यानात आलं की थरथरतंय ते खोड नाही. त्यानं वेढा काढला, दोरी दोन आंब्यांच्या मध्ये छातीइतक्या उंचीवर बांधली आणि पाय रोवून हातांनी ताणली. दिवसभर ताणली. तळव्यांची सालं निघाली. हातानं ताणलेल्या दोरीत आणि वजनानं ताणलेल्या दोरीत काय फरक असतो ते त्याला ठाऊक होतं. एवढी मेहनत केली, चालेल, असं त्यानं मनाला सांगितलं. मेहनत चुकीच्या जागी केली होती.

गावाच्या मध्ये भागवत टुंगी आहे. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आत पोथी आणि संध्याकाळी कीर्तन. तिच्या अंगणात खांब उभा केला. हिरवा, जाड बुंध्याचा, टुंगीच्या छपराच्या तिप्पट उंच बांबू. शेंड्याला लाकडी चाक, चाकातून खेत्रबासीची दोरी, दोरीला भोकं पाडलेलं मडकं आणि मडक्यात पणती. बुंध्याशी माती ठोकून पोथी सांगणाऱ्या नीळकंठ पुराणींनी पूजा केली.

"झालं," पुराणी म्हणाले. "आता हा खांब पौर्णिमेपर्यंत हलवायचा नाही. पितर याच वाटेनं खाली बघतात. वाट मध्येच मोडायची नसते."

पहिल्या संध्याकाळी मल्लीनं दोरी ओढली आणि मडकं हलकेच वर गेलं. बायकांनी जीभ फिरवून मंगल हुळहुळी दिली, शंख वाजला. भोकांतून उजेडाचे ठिपके बांबूवर फिरायला लागले. मल्ली बराच वेळ वर बघत राहिली. खेत्रबासी खाली बघत होता.

मग तो रोज दिवेलागणीला यायला लागला. लोकांना वाटलं, मित्राच्या ओढीनं येतो. तो येत होता दोरीचा आवाज ऐकायला. पहिल्यांदा चाकातून ती खरखर करत जायची. पुढे दव वाढलं. पहाटे गवत पांढरं दिसायला लागलं, तसा आवाज बदलला. खरखर जाऊन कुरकुर आली. मल्लीला ओढताना अंग मागे टाकावं लागायला लागलं. तिचं एकच वेळचं जेवण. उकडा नसलेला तांदूळ, मूग, अळूचा कांदा, कच्चं केळं, हळद नाही की फोडणी नाही. तिच्या दंडाच्या शिरा वर आल्या होत्या.

"जड जातंय का, भाउज?" त्यानं एकदा विचारलं.

"तुझा भाई जाडा होत चाललाय वर बसून," ती म्हणाली आणि हसली.

त्या रात्री त्याला अजिबात झोप आली नाही. दोरी बदलू या, असं म्हणावं तर का म्हणून सांगायचं? आणि ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागणार होतं. अजून थोडे दिवस निघाले तर पौर्णिमा येईल, खांब आपोआप उतरेल, असं तो घोकत राहिला.

पंचुक लागलं. कार्तिकाचे शेवटचे पाच दिवस. आदल्या रात्री पावसाची भुरभुर झाली होती. दुपार कलल्यावर मल्ली मडकं खाली घ्यायला गेली. तुळशीभोवती तिनं सकाळी काढलेला मुरुज अजून ताजा होता. तांदळाचा पांढरा, बेलाच्या पाल्याचा हिरवा, जाळलेल्या तुसाचा काळा. तिनं गाठ सोडली, दोरी सैल सोडली. मडकं आलं नाही.

तिनं झटका दिला. मडकं वर नुसतं हललं.

खेत्रबासी बागेतून परत येत होता. टुंगीपाशी माणसं दिसली आणि सगळी मान वर करून उभी दिसली. आषाढात माणसं अशीच मान खाली घालून उभी होती. काय झालंय हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"चाकात बसलीय," ध्रुवचा धाकटा भाऊ उद्धब म्हणाला. त्यानं दोरीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. बांबू वाकला.

"ओढू नको!" खेत्रबासी ओरडला. "मडकं येईल अंगावर."

"मग काय करू, फुंकर मारू?"

पुराणी बाहेर आले. कीर्तनाची माणसं मृदंग घेऊन जमायला लागली होती. पश्चिमेकडे ऊन नारळांच्या खाली गेलं होतं.

"एवढं काय त्यात?" पुराणी म्हणाले. "खेत्र आहे की. वर जाईल, दोरी मोकळी करेल."

सगळ्यांनी खेत्रबासीकडे पाहिलं.

"गुडघा..." तो म्हणाला.

"हा बांबू बुटक्यांत धर की," मकर साहू मागून म्हणाला. लोक हसले.

मल्ली हसली नाही. "एक दिवस चुकला की हविष मोडलं, खेत्र," ती म्हणाली. "बाकीच्यांचं नाही सांगत मी. त्याच्यासाठी चढशील का?"

याला नाही कसं म्हणणार? त्यानं पायांत वेढा घातला.

नारळाच्या खोडाला खाचा असतात, पाय त्यांत बसतो. बांबूला फक्त पेरं. मध्ये सगळा गुळगुळीत भाग, त्यावर भुरभुरीचा ओलावा. अशा वेळी पायांचे तळवे आतल्या बाजूला वळवून पेरावर टेकवायचे, गुडघे बाहेर, वजन हातांवर न देता पायांवर द्यायचं. हात फक्त धरायला. हे सगळं त्याच्या अंगाला पाठ होतं. पण भ्यालेला माणूस हातांवर चढतो. तो हातांवर चढला. टुंगीच्या वळचणीपर्यंत गेला तेव्हाच त्याचे दंड भरून आले होते.

खाली त्याला उत्साह यावा म्हणून कीर्तन सुरू झालं. मृदंगाचा ठोका बांबूतून वर आला आणि त्याच्या छातीत घुसला. बायका गात होत्या. बांबू हलत होता. तो छपराच्या वर आला, शाकारलेलं गवत पायांखाली गेलं, आणि आता त्याच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. शेजारी उद्धबच्या घरामागचा नारळ होता. त्याचा शेंडा समोर. त्या शेंड्यावर कुणी नव्हतं.

त्याचे हात मिटले. त्यानं मिटले नाहीत, ते आपोआप मिटले. मनगटांपासून पुढे काही आपलं आहे असं त्याला वाटेना. वर मडकं अजून दोन माणसं उंच होतं. खाली बघायचं नाही हे ठाऊक होतं, पण डोळे खालीच गेले. मृदंग, झांजा, वर केलेली तोंडं.

"चढ की रे!" उद्धब ओरडला. "झोपलास काय वर?"

"दम खातोय, खाऊ दे," कुणीतरी म्हणालं.

मल्ली सगळ्यांत पुढे उभी होती. तिचं गाणं थांबलं. तिनं बांबूवर आवळलेल्या मुठी पाहिल्या. पांढऱ्या पडलेल्या.

"मृदंग थांबवा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिनं जाऊन मृदंगावर हात ठेवला. "थांबवा म्हणते ना!"

अंगणात शांतता झाली.

"खेत्र," तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही. "वर बघू नको, खाली बघू नको. बांबूकडे बघ. उजवा पाय आहे तिथंच राहू दे. डावा सोड."

तो हलला नाही.

"डावा पाय, खेत्र. खाली पेर आहे. मला दिसतंय. लागलं?"

बऱ्याच वेळानं डावा पाय सरकला.

"आता हात. एकच. सोडू नको, घसरव. हां. आता उजवा."

असं एकेक पेर. वळचणीशी आल्यावर त्याचे पाय इतके कापत होते की वेढा बांबूवर टकटक वाजायला लागला. उद्धबनं त्याला कमरेला धरून खाली उतरवलं. खेत्रबासी तिथंच बुंध्याशी बसला. मुठी अजून मिटलेल्या होत्या.

"गुडघ्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. "आषाढापासून मी चढलोच नाही. मला होत नाही. दोरी झाडाला टांगून ताणायला हवी होती, तेही केलं नाही. म्हणून ती फुगली. माझ्यामुळं अडकली."

मकर साहूनं आता गुडघ्यावरून थट्टा केली नाही. काही झालं तरी त्याच्याच बागेत माणूस मेला होता.

"मी जातो," उद्धब म्हणाला आणि अंगरखा काढायला लागला. तो भाऊ गेल्यावर झाडांवर चढायला शिकला होता, नीट कुणी शिकवलं नव्हतं. पायांत वेढाही घालायचा नाही. "घरचा दिवा आहे. दुसऱ्याच्या पाया कशाला पडायचं?"

त्यानं बांबूला मिठी मारली. मल्लीनं त्याचं धोतर मागून धरलं.

"सोड भाउज! फाटेल."

"फाटू दे. तू चढणार नाहीस."

"मग दिवा कसा लागणार?"

"खांब उतरवा."

पुराणींनी कानावर हात ठेवले. "मल्ली! पंचुकात? पूजा केलेला खांब?"

"माझं हविष आहे, महाराज. दोष लागेल तो मला लागू दे." तिनं उद्धबचं धोतर सोडलं नाही. "त्या दिवशी मी बागेत नव्हते. मला वाटायचं, बघायला मिळालं नाही. आज बघितलं. मला दिव्यासाठी आणखी माणूस नको वर जायला."

पुराणी टुंगीत गेले. काय करताहेत ते कुणाला कळेना. ते बाहेर आले ते हळदकुंकू आणि तांदूळ घेऊन.

"नव्यानं उभा करायचा तर नव्यानं पूजा लागेल," ते म्हणाले. "लवकर करा. ऊन गेलं."

उभा बांबू आडवा करणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. ओला बांबू जड असतो आणि शेंडा लांब असल्यामुळं एकदा झोक गेला की आवरत नाही. खेत्रबासी उठला. मुठी उघडल्या, माती हातांत चोळली. जमिनीवर त्याचं डोकं चालत होतं. बुंध्याच्या एका अंगाला त्यानं उतरता चर खणायला लावला, म्हणजे पाय घसरेल तो ठरलेल्या दिशेनंच. शिडीवरून हात पोचेल तिथं दोन दोर बांधले, दोन बाजूंना चारचार माणसं. पुढे बेचक्याचे दोन वासे. स्वतः बुंध्यावर पाय देऊन उभा राहिला, कारण बुंधा उचलला गेला तर सगळंच गेलं.

"दोर सोडा. घाई नाही. उद्धब, बेचकं पुढे घे. अजून. मकर साहू, पोट आत घ्या, दोर तुमच्या पोटाला अडलाय."

बायका आता पुन्हा गायला लागल्या होत्या, हळू, मृदंगाशिवाय. बांबू कलला. एकदा डावीकडचे दोर धरणारे घसरले आणि शेंडा टुंगीच्या छपराकडे झेपावला. खेत्रबासी सगळ्या वजनानिशी बुंध्यावर बसला. बेचकं लागलं. शेंडा अंगणात टेकला, मडकं शाबूत.

त्यानं दोरी चाकातून कापून काढली. पावसात भिजलेल्या वातीसारखी फुगलेली. पुराणींनी टुंगीच्या विहिरीचा सुती दोर दिला. मल्लीनं पणतीत तूप घातलं. खांब वर चढवणं उतरवण्याहून जास्त कष्टाचं, आणि आता माणसं दमली होती. दिवा वर पोचला तेव्हा आभाळात चांदण्या होत्या. वेळ टळली होती. मोडलं की राहिलं, यावर बायका पुढं बरेच दिवस बोलत होत्या. मल्लीनं पौर्णिमेपर्यंत रोज दिवा चढवला.

दुसऱ्या दिवशी मकर साहूनं उंच झाडं उद्धबला दिली. खेत्रबासीला त्यानं काढून टाकलं नाही, पण बागेत नेलंही नाही. वखारीत नारळ सोलायला बसवलं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारेच्या टोकावर नारळ आपटायचा, मनगट फिरवायचं, सोडण तीन फटक्यांत निघालं पाहिजे. चार लागले तर दिवस परवडत नाही. मजुरी चढणाऱ्याच्या निम्मीही नाही. पहिल्या महिन्यात त्याच्या पंज्यांना भेगा पडल्या. वखारीतली पोरं त्याला "जमिनीवरचा" म्हणायची. तो सोलत राहायचा. पण उद्धब झाडावर असला की वखारीच्या दारातून शेंडे दिसायचे, आणि त्याचा फटका चुकायचा.

उद्धब वेढा घालत नव्हता. खेत्रबासीनं सांगून बघितलं.

"तू सांगतोस?" उद्धब म्हणाला. "बांबूवर झोपणारा?"

उन्हाळाभर खेत्रबासीनं विडी सोडली. कुंतळानं दोनदा विचारलं, पैसे जातात कुठं. आषाढ लागायच्या आधी तो बसनं शहरात गेला आणि खांद्यावर एक लोखंडी सांगाडा घेऊन आला. नारळावर चढायचं यंत्र. खोडाला विळखा घालणारे दोन तारेचे फास, त्यांना दोन पावलं, आणि कमरेला पट्टा. तो सांगाडा त्यानं मल्लीच्या ओसरीवर ठेवला.

"हे काय?" उद्धब म्हणाला. "कुणाची सायकल मोडून आणलीस?"

"पट्टा कमरेला. पावलं पायांत. एक वर, मग दुसरं."

"म्हाताऱ्यांचं आहे हे."

मल्ली दारात उभी होती. तिनं यंत्राकडे पाहिलं, मग खेत्रबासीच्या पंज्यांकडे. आत जाऊन पाणी घेऊन आली.

दोन दिवस ते ओसरीवर तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला आणि खोडांवर शेवाळ धरलं. उद्धब ते घेऊन बागेत गेला. खेत्रबासी वखारीतून उठून झाडाखाली आला. वर बघायची त्याला छाती झाली नाही. तो खोडाला तळवा लावून उभा राहिला आणि तारेचा फास एकेकदा वर सरकल्याचा हिसका हातात मोजत राहिला. शेंड्यावरून पट्टा आवळल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं तळवा काढला आणि उरलेले नारळ सोलायला गेला.

विडीचे आणि वखारीतल्या मजुरीतून वाचवलेले सगळे पैसे त्या दोन लोखंडी पावलांवर गेले होते.